शारजाचं सर्कल आणि आमची सूनबाई

आजऱ्यात परत येऊन मला पंधरा दिवस झाले. दाढी करायला बसलो की आमचा न्हावी पहिला प्रश्न विचारतो, "काका, ती जगातली सगळ्यात उंच इमारत बघितली का?" बघितली. लांबून, मोटारीच्या काचेतून, मान वाकडी करून. वर गेलो नाही. "वाळवंटात उंटावर बसलात?" नाही. हमरस्त्याच्या कुंपणापलीकडं एक उंट चरत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, तेवढीच आमची ओळख. मग तीन महिने तिथं केलंत तरी काय, असं लोक विचारतात. तेच सांगायला बसलोय.

माझी तेहतीस वर्षं लाल गाडीच्या स्टिअरिंगवर गेली. आजरा ते सावंतवाडी, मधे आंबोलीचा घाट. निवृत्त झालो आणि मुलगा निलेश म्हणाला, "बाबा, आता तरी या." तो अबूधाबीजवळ समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. घर शारजात. तिथं सून सायली आणि आठ वर्षांची नात इरा. आमच्या मंडळींना याच वेळी सांगलीला धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. त्यामुळं बाळंतपणाला त्या गेल्या आणि परदेशाला मी.

शारजा, पहिला आठवडा

विमानतळावर निलेश घ्यायला आला. सामान डिकीत टाकून मी ऐटीत पुढचं दार उघडलं आणि आत बसलो, तर समोर स्टिअरिंग. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात आणि ड्रायव्हर डावीकडं बसतो, हे मला माहीत होतं, पण माझ्या पायांना माहीत नव्हतं. निलेश हसत म्हणाला, "बाबा, उतरा. इथं तुम्ही पाहुणे. तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही." दोन दिवसांनी तो समुद्रावर गेला आणि त्याची गाडी इमारतीखाली धूळ खात उभी राहिली. मी रोज सकाळी फडकं घेऊन तिच्यावरची वाळू पुसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच वाळू.

रस्ता ओलांडायला मी कसा शिकलो, तेही सांगतो. पांढऱ्या पट्ट्यांजवळ उभा होतो. एक मोठी गाडी येऊन थांबली. मला वाटलं, बंद पडली असेल. मी हातानं खुणावलं, जा बाबा पुढं. आत पांढऱ्या झग्यातले एक अरब गृहस्थ होते. त्यांनी मला खुणावलं, तुम्ही जा. मी पुन्हा त्यांना. असं तीन वेळा झालं. मागं सात-आठ गाड्या लागल्या, पण एकानंही हॉर्न मारला नाही. शेवटी त्या गृहस्थांनी काच खाली केली आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "यल्ला, हाजी, यल्ला!" मी धोतर सावरल्यासारखी पँट सावरत पळालो. तेहतीस वर्षांत पायी माणसासाठी मी किती वेळा असा थांबलो, ते आठवायचा प्रयत्न केला. न आठवलेलं बरं, असं ठरवलं.

हॉर्न मात्र तिथं एका कामाला वाजतो. संध्याकाळी चहाच्या कॅफेटेरियासमोर गाड्या उभ्या राहतात आणि लोक आत बसूनच एक बारीक हॉर्न देतात. मग केरळचे कुणी काका कागदी पेल्यातून कडक चहा घेऊन येतात. त्याला तिथं करक म्हणतात. वेलदोडा, भरपूर साखर आणि दाट दूध. पेला एक दिरहमचा. मी मोठ्यानं म्हटलं, "म्हणजे तेवीस-चोवीस रुपये!" सायली म्हणाली, "मामा, रुपयांत मोजलं तर इथं पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही." आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते.

रोटी आणायचं काम मी स्वतःहून घेतलं. कोपऱ्यावर एका पठाणाची भट्टी होती. तो बसच्या स्टिअरिंगएवढी रोटी भट्टीच्या भिंतीवर थापायचा आणि आकड्यानं ओढून काढायचा. त्याची पश्तो, माझं आजऱ्याचं हिंदी. तो म्हणायचा, "चाचा, गरम खाओ." घरी पोचेपर्यंत अर्धी मी खाल्लेली असायची. इरा उरलेल्या अर्धीकडं बघून म्हणायची, "आबा, डिड अ रॅट ईट इट?" मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आमचं अडत काहीच नव्हतं.

रुबीनाबाई

आठवड्यातून तीन दिवस सकाळी इमारतीखाली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी यायची आणि सायली शिकायला जायची. तिथं लायसन मिळणं सोपं नाही. आपल्याकडं आठाचा आकडा काढून दाखवला की झालं. तिथं परीक्षक शेजारी बसतो, भर रस्त्यात गाडी चालवायला लावतो आणि बारीकसारीक चुकांची नोंद करतो. सायली चार वेळा नापास झाली होती. चौथी वेळ मी तिथं असताना. घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि सरळ कणीक मळायला लागली. 

पण या वेळी गोष्ट नुसत्या लायसनची नव्हती. इरा झाल्यावर सायलीनं नोकरी सोडली होती. आठ वर्षांनी तिला काम मिळत होतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मसाले पॅक करणारा एक कारखाना होता. तिथं मालाची तपासणी करायची आणि दोन गोदामांत स्वतः गाडीनं जायचं. मालक म्हणाला होता, महिनाअखेरपर्यंत थांबतो, लायसन घेऊन या. महिना संपायला अठरा दिवस होते आणि परीक्षेची एकच तारीख मिळाली होती.

एके सकाळी मी मुद्दाम खाली उतरलो. गाडी शिकवणाऱ्या बाई दाराला टेकून उभ्या होत्या. डोक्याला फिकट निळा रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. मी हिंदीत सुरुवात केली, तर त्या मराठीत म्हणाल्या, "काका, मराठी बोला हो. आमचं गाव राजापूरकडचं. जन्म इथला, पण घरात आमची बोलीच चालते." त्यांचं नाव रुबीना. गाडी शिकवायला लागून त्यांना बारा वर्षं झाली होती. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला विचारावं तसं मी विचारलं, "खरं सांगा, कुठं चुकतंय?"

"हात चांगलाय हो तिचा. आरसे बघते, लेन पाळते. पण राउंडअबाउट आला की बाई दगड होते. जागा असली तरी जात नाही. मागून गाड्या येतात, परीक्षक बाई पेन उचलतात आणि खलास."

राउंडअबाउट म्हणजे आपलं सर्कल. शारजात दर दोन फर्लांगावर एक.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"भीती असती तर मी काढली असती. तिच्या मनात काहीतरी वेगळंच आहे. मला सांगत नाही."

खाडी

त्या शुक्रवारी आम्ही तिघं दुबईला गेलो. आमच्या मंडळींनी फोनवरून ब्लाउजपीसची यादी दिली होती आणि त्यासाठी बर दुबईचा मीना बाजार गाठायचा होता. अलीकडच्या काठाला, देऱ्याला, बसमधून उतरलो आणि खाडी ओलांडायला अब्रा पकडली. अब्रा म्हणजे लाकडी होडी. मधल्या बाकड्यावर पाठीला पाठ लावून वीस माणसं बसतात आणि चालवणारा मधोमध एका खड्ड्यात उभा राहतो. आमचा नावाडी बांगलादेशी होता. मी बरोबर त्याच्या शेजारी बसलो. तो एका हातानं सुटे पैसे घेत होता आणि चाक पायानं फिरवत होता. मी मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला.

पलीकडच्या धक्क्याला येताना दुसरी एक होडी मधे घुसली. दण्णकन धडक बसली, इराचं आइस्क्रीम माझ्या शर्टावर आलं. दोन्ही नावाडी एकमेकांकडं बघून हसले, एकानं काहीतरी चेष्टा केली आणि होड्या आपापल्या वाटेनं गेल्या.

मी कौतुकानं म्हटलं, "बघ सायली, किती सहज घेतलं! हात सरावला की माणसाला धक्क्याचं काही वाटत नाही."

सायली पाण्याकडं बघत म्हणाली, "त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही, मामा. म्हणून."

तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं, पण मला ते लागलं. उतरल्यावर हारांच्या, उदबत्त्यांच्या गल्लीतून चाललो. मोगऱ्याचा वास, हळद-कुंकवाच्या पुड्या, गुजराती, सिंधी, मल्याळी सगळ्या बोली एकदम. एखाद्या देवळाबाहेरच्या गल्लीत आल्यासारखं वाटत होतं, पण माझं लक्ष लागेना. पुढं पाणीपुरीच्या दुकानात इरा पुऱ्या मोजत बसली, तेव्हा मी विचारलं, "कोण ओरडलं तुझ्यावर? रुबीनाबाई?"

"नाही हो. त्या किती चांगल्या आहेत."

"मग निलेश?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग म्हणाली, "मामा, तुम्हाला आठवत नाही का? लग्नानंतरची पहिली दिवाळी. तुम्ही जुनी व्हॅन घेतली होती. मी म्हटलं, मलाही शिकवा. तुम्ही हौसेनं शिकवायला नेलं आणि मी शेजारच्या देसायांच्या फाटकावर गाडी आदळली."

व्हॅन आठवली. पुढचा डावा दिवा फुटला होता, तोही आठवला.

"सगळी गल्ली गोळा झाली होती. तुम्ही किल्ली हिसकावून घेतलीत आणि म्हणालात, तुझे हात भाकरी थापायलाच बरे, तेवढंच कर. सगळे हसले. मीही हसले." तिनं पुरी उचलली, पुन्हा ताटलीत ठेवली. "सर्कलवर कुणी मागं येऊन थांबलं ना, की मला ते वाक्य ऐकू येतं. मला माहीत आहे, वेडेपणा आहे. पण येतं."

मला दिवा आठवत होता, वाक्य आठवत नव्हतं.

ब्लाउजपीस घेतले. दुकानदार रंगांवर रंग उलगडत होता, मी हो हो म्हणत होतो. शेवटी तीन हिरवे घेऊन आलो, हे घरी आल्यावर कळलं.

फोन

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगलीला फोन लावला. आमच्या मंडळींना सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी खरंच असं बोललो होतो?"

"बोलला होता."

"मग तू मला तेव्हा सांगितलं कसं नाहीस?"

"सांगितलं की. पोरीला लागलं असेल म्हटलं होतं."

"मग मी काय म्हणालो?"

"काही नाही. तुम्ही पेपर वाचत होता."

फोन ठेवून मी बाल्कनीत गेलो. समोर क्रेनचा लांब हात संथपणे फिरत होता. घाटात मी कधी कुणाला चेपलं नाही, अपघात केला नाही, निवृत्तीच्या वेळी डेपोत माझा सत्कार झाला, नारळ मिळाला. आणि घरच्या गल्लीत एका वाक्यात मी हे करून ठेवलं होतं.

माफी मागायची सवय नसली की शब्द तोंडात जड होतात. सायली कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो आणि आधी दुसरंच सांगायला लागलो. "सायली, ड्रायव्हर झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात माझी गाडी अर्धा-पाऊण तास उभी होती. गाडीत चाळीस माणसं. धुकं असं की बॉनेट दिसेना. एका वळणावर समोरून ट्रक घासून गेला आणि माझे पाय थरथरायला लागले. क्लच दाबता येईना. कंडक्टर शहाणा. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मागं वळून ओरडला, गाडी गरम झालीय, जरा थांबावं लागेल! लोक खाली उतरले, भजी खाल्ली. पाय थांबल्यावर मी गाडी काढली. आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासूलाही नाही."

सायलीच्या हातातली घडी तशीच राहिली.

"त्या दिवशी तो कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला असता ना, हा कसला ड्रायव्हर, याला घरी बसवा, तर मी घरीच बसलो असतो. तो म्हणाला नाही. मी मात्र तुला म्हणालो. चुकलं माझं."

तिनं डोळे पुसले, घडी पुरी केली. मग म्हणाली, "मामा, ते सर्कल एकदा नीट समजावून सांगा ना."

दिवाणखाना

आम्ही टीपॉय मधे ओढला. ते सर्कल. खुर्ची ही गाडी. सायलीच्या हातात स्टीलचं ताट, तेच स्टिअरिंग. इरा बाकीची सगळी वाहतूक. ती उशी पोटाशी धरून टीपॉयभोवती पळायची आणि प्रत्येक फेरीला ओरडायची, "नाऊ आय ॲम अ बस! नाऊ अ टँकर!" मधेच माझ्या पायांवर बोट रोखून म्हणाली, "आबा, यू कान्ट पार्क देअर." मी पाय आत घेतले.

मला शिकवता येत होतं ते एवढंच. घाटात समोरच्या गाडीकडं बघत राहिलं की माणूस तिच्याकडंच ओढला जातो. म्हणून मी सायलीला म्हटलं, "गाडी बघू नकोस. दोन गाड्यांमधली जागा बघ. जागा दिसली की ती तुझी." पहिल्या दिवशी तिनं इराला सात वेळा जाऊ दिलं. मी जीभ दाताखाली धरली. खरं सांगतो, आंबोलीपेक्षा अवघड होतं. आठव्या वेळी तिनं ताट फिरवलं. दहा-बारा दिवस रोज दुपारी आमची ही वाहतूक चालली. खालच्या मजल्यावरच्या लेबनीज बाई एकदा वर येऊन काय पडतंय ते बघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी इराला खजुराची बिस्किटं पाठवून दिली.

रुबीनाबाई गाडीच्या काचेतून मला म्हणाल्या, "काका, हल्ली बाई जाते हो पुढं. काय खायला घालता?"

परीक्षा

परीक्षेच्या सकाळी सायलीनं मला नमस्कार केला. मी घाईघाईनं तिला उठवलं. त्यांच्या परीक्षेत एका गाडीत तीन बायका बसतात आणि आळीपाळीनं चालवतात. इराला शाळेच्या बसमध्ये बसवून मी कॅफेटेरियात जाऊन बसलो. एक करक झाला, दुसरा झाला. शेजारी सीरियाचे एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना हिंदी येईना, मला अरबी येईना. मी हातानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि म्हटलं, "सून. टेस्ट." त्यांनी वर आकाशाकडं बोट केलं. "इन्शाल्ला." आणि माझ्या चहाचे पैसे देऊन निघून गेले.

साडेअकराच्या सुमारास रुबीनाबाईंची गाडी समोर येऊन थांबली. आधी त्याच उतरल्या. चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "खलास, काका! खलास!"

आमच्याकडं खलास म्हणजे मेला, संपला. आता सायलीला काय बोलायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. तोंडातून निघालं, "असू दे, असू दे, पुढच्या वेळी..."

"अहो, पुढच्या वेळी कशाला? खलास म्हणजे झालं! पास झाली!"

मागनं सायली उतरली. तिचं तोंड हसत होतं आणि नाक लाल झालं होतं. "मामा, सर्कलवर मागं टँकर होता," ती म्हणाली. "खरा."

"मग?"

"जागा दिसली. गेले."

रुबीनाबाईंसाठी मी करक मागवला. इतकी साखर त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती म्हणे, कारण आनंदात मीच आणखी दोन पुड्या ओतल्या. सायलीनं तिथूनच कारखान्याच्या मालकाला फोन केला. पलीकडून काय बोललं गेलं ते ऐकू आलं नाही, पण ती तीन वेळा "येस सर" म्हणाली आणि चौथ्यांदा "मंडे, शुअर" म्हणाली.

खोर फक्कान

निलेश समुद्रावरच्या दुसऱ्या फेरीवरून यायला अजून चार दिवस होते आणि त्यानंतर आठवड्यानं माझं विमान. रविवारी सकाळी सायली म्हणाली, "मामा, चला, डोंगर दाखवते." देशाच्या दुसऱ्या टोकाला खोर फक्कान नावाचं गाव आहे. तिथं जायला उघडे, काळपट डोंगर कापून नवा रस्ता केलाय. बोगद्यांमागून बोगदे आणि शेवटी समुद्र. सगळ्यांनी सांगितलं होतं, आणखी काही बघू नका, पण तो रस्ता बघा.

मी निलेशच्या गाडीवरची वाळू पुसली. सायली ड्रायव्हरच्या जागी बसली, सीट पुढं ओढली, आरसा फिरवला. मी शेजारी. इरा मागं, पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की पहिलंच सर्कल लागतं. मी खिडकीबाहेर एका झाडाकडं बघत राहिलो. गाडी जराशी थांबली, मग वळली आणि सरळ रस्त्याला लागली. सायली इराला विचारत होती, पाण्याची बाटली घेतलीस का. आमची इमारत मागं गेली. वाळू सुरू झाली, तांबूस, लाटांसारखी. लांब डोंगरांची एक निळी रेघ दिसायला लागली.

आता मला जे सांगायचंय ते इथंच अडतं. त्या डोंगरांबद्दल मला काहीही सांगता येणार नाही.

दुसऱ्याच्या गाडीत मला आयुष्यात कधी झोप लागलेली नाही. लेकाच्या गाडीतही नाही. माझ्या हाताखाली शिकून तयार झालेल्या पोरांच्या गाडीतही नाही. मी टक्क जागा राहून त्यांची चाकं मोजतो. त्या दिवशी ती निळी रेघ जवळ येताना दिसली, एवढं आठवतं. त्यापुढचं एकदम खांद्यावर हात आला तेव्हाचं. गाडी उभी होती, काचा खाली होत्या, खारा वारा येत होता.

"मामा, उठा," सायली म्हणाली. "समुद्र आला."

"आणि डोंगर?"

"ते गेले."

"आबा, यू स्नोअर्ड इन ऑल द टनल्स," इरा म्हणाली आणि तिनं पोह्यांचा डबा पुढं केला.